बेसबॉलचा मृत्युलेख लिहिण्याची घाई

दरवर्षी फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, संपला की दुसऱ्या दिवशी प्रेक्षकसंख्या जाहीर होते आणि अमेरिकेतला एक जुना वाद नव्याने पेटतो. २०२५ च्या सामन्याची सरासरी प्रेक्षकसंख्या १२ कोटी ७७ लाख होती. तिच्या शेजारी २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे, १ कोटी ५८ लाख ठेवले जातात, त्याच वर्षीच्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचे १ कोटी १३ लाख ठेवले जातात, आणि निकाल सुनावला जातो: अमेरिका आता एकाच खेळाचा देश आहे, बेसबॉल म्हाताऱ्यांपुरता उरला आहे, बास्केटबॉल उतरणीला लागला आहे, आइस हॉकीचं तर नावच नको. मग प्रत्येक खेळाचे चाहते हिरिरीने आपापल्या सोयीचा आकडा पुढे करतात. कोणी मैदानावरची गर्दी दाखवतं, कोणी इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर, कोणी खेळाडूंचे करार. वादाला शेंडा ना बुडखा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अमेरिकन फुटबॉल (पुढे नुसतं फुटबॉल) हा त्या देशात सर्वाधिक पाहिला जाणारा खेळ आहे, याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण तेवढ्यावरून बाकीचे खेळ मरायला टेकले आहेत असं म्हणणं साफ चूक आहे. टीव्हीचा आकडा लोकांच्या खेळावरच्या मायेबद्दल जेवढं सांगतो, त्याहून कितीतरी जास्त तो वेळापत्रक, एक जुना कायदा आणि केबल कंपन्यांचे करार यांच्याबद्दल सांगतो. आणि हा नुसता चाहत्यांचा वाद राहिलेला नाही. 'आम्ही सर्वांत लोकप्रिय' या दाव्यावर स्टेडियम बांधण्यासाठी करदात्यांकडून शेकडो कोटी डॉलर मागितले जातात. म्हणून दावा नीट तपासायला हवा.

आधी फुटबॉलवाल्यांची बाजू, तिच्या पूर्ण ताकदीनिशी. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० टीव्ही प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएल या फुटबॉल लीगचे सामने होते. अंतिम सामन्याचं सोडा, २०२२ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला झालेला डॅलस काउबॉइज आणि न्यूयॉर्क जायंट्स यांचा साधा साखळी सामना ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. पुढच्या वर्षीची वर्ल्ड सिरीज सरासरी ९१ लाखांवर थांबली. नाताळचा दिवस वर्षानुवर्षं एनबीएचा मानला जायचा. २०२४ च्या नाताळला एनएफएलने नेटफ्लिक्सवर दोन सामने ठेवले आणि दोन्हींना प्रत्येकी २ कोटी ४० लाखांच्या वर प्रेक्षक मिळाले. त्याच दिवशी लेब्रॉन जेम्सचे लेकर्स आणि स्टेफ करीचे वॉरियर्स समोरासमोर होते, तरी तो सामना पाऊण कोटीच्या जरा पुढे गेला. एकच दिवस, समोरासमोरची तुलना, आणि तिप्पट फरक. डिसेंबर २०२३ मधल्या गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या पाहणीतही पाहायला सर्वांत आवडता खेळ म्हणून शेकडा ४१ लोकांनी फुटबॉलचं नाव घेतलं. बेसबॉलचं १०, बास्केटबॉलचं ९. हे सगळं खरं आहे आणि त्यातला एकही आकडा मला झटकून टाकायचा नाही.

प्रश्न आहे तो या आकड्यांतून काय निष्कर्ष काढायचा याचा. जून २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा 'सामन्यागणिक किमतीत आयपीएल जगात दुसरी, पुढे फक्त एनएफएल' ही बातमी आपल्याकडे कौतुकाने फिरली. भागाकार बरोबर होता. पण भाजकाकडे किती जणांनी पाहिलं? आयपीएलला त्या करारातून वर्षाला साधारण सव्वा अब्ज डॉलर मिळतात. एनबीएचा २०२५-२६ पासूनचा करार ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे, म्हणजे वर्षाला सातएक अब्ज. तरीही सामन्यागणिक हिशेबात एनबीए मागे, कारण तिथे सामने ढीगभर. 'दर सामन्यामागे' हे माप हातात घेतलं की मोजके सामने खेळणारा आपोआप वर चढतो. सुपर बोलच्या आकड्याने बाकीच्या खेळांना मोजणारे नेमकं हेच करतात.

एनएफएलच्या साखळीत वर्षाला २७२ सामने होतात. एनबीएत १,२३०, आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये १,३१२ आणि बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये २,४३०. बेसबॉलचा एकेक संघ एप्रिल ते सप्टेंबर १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा, असं १७ वेळा मैदानात उतरतो. मग सामन्याला सरासरी गर्दी पाहिली तर फुटबॉल ६९ हजारांच्या आसपास आणि बेसबॉल २९ हजार. एकूण गर्दी पाहिली तर २०२४ मध्ये ७ कोटी १३ लाख लोक तिकीट काढून बेसबॉलला गेले. एनएफएल, एनबीए आणि एनएचएल यांच्या साखळी सामन्यांची वर्षभराची गर्दी एकत्र केली तरी ती इतकी भरत नाही. एवढ्यावर बेसबॉलवाल्यांनी विजयाची पताका फडकवली, तर तेही तितकंच लबाडीचं होईल, कारण सामने जास्त म्हणून बेरीज मोठी हे उघड आहे. पण विचार करा: मंगळवारच्या संध्याकाळी, निकालाने फारसं काही बिघडणार नाही अशा सामन्याला, कामावरून सुटून २५-३० हजार लोक एकाच शहरात जातात आणि बुधवारी पुन्हा तितकेच जातात. असं सहा महिने चालतं. मरणाऱ्या खेळाची ही लक्षणं आहेत का? एकीकडे वर्षातून एकदा सगळा देश एका जागी बसतो, दुसरीकडे लोक उन्हाळाभर रोज थोडा वेळ देतात. या दोन गोष्टींना एका फूटपट्टीने मोजून कोण उंच आणि कोण बुटका हे ठरवताच येत नाही.

फुटबॉलचा हा दुर्मीळपणा आपोआप आलेला नाही. तो विचारपूर्वक घडवला गेला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसबॉल, बॉक्सिंग आणि घोड्यांच्या शर्यती हे अमेरिकेचे तीन मोठे खेळ होते. व्यावसायिक फुटबॉल इतका मागे होता की त्याचे संघ बेसबॉलच्या मैदानांवर पाहुण्यासारखे खेळत. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून खेळ चालू ठेवणं देशाच्या हिताचं आहे असं कळवलं. त्याच युद्धात १९४३ साली खेळाडू पुरेनात म्हणून फुटबॉलच्या पिट्सबर्ग आणि फिलाडेल्फियाच्या संघांना एक होऊन हंगाम काढावा लागला. चित्र पालटलं ते टीव्हीमुळे आणि एका माणसाच्या दूरदृष्टीमुळे. पीट रोझेल १९६० मध्ये एनएफएलचे आयुक्त झाले. प्रत्येक संघाने आपले टीव्ही हक्क वेगळे विकण्याऐवजी सगळ्यांनी मिळून विकावेत आणि पैसे समान वाटून घ्यावेत, हे त्यांनी मालकांच्या गळी उतरवलं. अशी एकत्र विक्री मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही असं न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं, तेव्हा त्याच वर्षी अमेरिकी संसदेकडून तिला सूट देणारा नवा कायदा करवून घेतला गेला आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावाला न्यूयॉर्कइतकाच टीव्हीचा वाटा मिळतो, तो या व्यवस्थेमुळे. त्या गावातल्या लॅम्बो फील्डची क्षमता ८१ हजारांहून जास्त आहे. म्हणजे गावातली जवळपास पाऊण वस्ती मावेल एवढं मैदान! ही व्यवस्था नसती तर ग्रीन बेचा संघ कधीच मोठ्या शहरात गेला असता.

बेसबॉलने उलटी वाट धरली. राष्ट्रीय करार झाले, पण रोजचे सामने प्रत्येक संघाने आपल्या शहरात आपल्या भावाने विकले. या वाटेवर काय होतं ते लॉस एंजेलिसमध्ये उघड्या डोळ्यांनी पाहता आलं. डॉजर्स या तिथल्या बेसबॉल संघाने २०१३ मध्ये एका केबल कंपनीशी २५ वर्षांसाठी ८ अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पुढच्या हंगामापासून संघाची स्वतःची वाहिनी सुरू झाली आणि बाकीच्या केबल व उपग्रह कंपन्यांनी ती सांगितलेल्या दराने घ्यायला नकार दिला. शहरातल्या बहुसंख्य घरांत डॉजर्स दिसेनासे झाले, ते थेट २०२० पर्यंत. याच काळात विन स्कली आपल्या कारकिर्दीची शेवटची वर्षं समालोचन करत होते. १९५० मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरुवात केलेला हा माणूस ६७ हंगाम एकाच संघाबरोबर राहिला. १९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला आला तेव्हा लोक मैदानात बसूनही कानाला ट्रान्झिस्टर लावायचे, समोरचा खेळ स्कलींच्या आवाजात ऐकण्यासाठी. त्यांचे अखेरचे हंगाम त्यांच्याच शहरातल्या लाखो घरांना टीव्हीवर पाहता आले नाहीत. आता टीव्हीचे आकडे लावा: डॉजर्सची प्रेक्षकसंख्या कोसळलेली दिसेल. आणि मैदान? २०१३ ते २०१९ या प्रत्येक वर्षी साऱ्या मेजर लीगमध्ये सर्वाधिक गर्दी डॉजर्सच्याच मैदानावर झाली. प्रेम होतं तिथेच होतं, पडद्यावर दिसत मात्र नव्हतं. ज्याला टीव्हीचा आकडा म्हणजेच लोकप्रियता वाटते, त्याने या एका शहराचं काय करायचं ते सांगावं.

लॉस एंजेलिसचा दुसरा अनुभवही बोलका आहे. १९९४ चा हंगाम संपल्यावर तिथले दोन्ही फुटबॉल संघ शहर सोडून गेले. २०१६ मध्ये त्यांतला रॅम्स हा संघ परतेपर्यंत देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराने २१ हंगाम एनएफएलशिवाय काढले. या काळात एनएफएलचं देशभरात काही अडलं नाही आणि शहराचंही नाही. फुटबॉल हा पडद्यावरून साऱ्या देशाचा असतो, त्याला गावात संघ लागत नाही. शहराचा जीव मात्र लेकर्स आणि डॉजर्समध्ये गुंतलेला होता.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. १९७८ च्या वर्ल्ड सिरीजला सरासरी ४ कोटी ४० लाख प्रेक्षक होते, २०२३ मध्ये ९१ लाख. १९९८ मध्ये मायकेल जॉर्डनचा शिकागोसाठीचा शेवटचा सामना साडेतीन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, आज अंतिम मालिका कोटीच्या आसपास घुटमळते. ही घसरण नव्हे तर काय? घसरण आहेच. तीन वाहिन्यांच्या काळाशी आजची तुलना करू नये हे उत्तर पुरेसं नाही, कारण वाहिन्यांच्या याच गर्दीत फुटबॉल टिकून राहिला. तो टिकला याचं मोठं कारण असं की त्याचे बहुतेक सामने अँटेनावर फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर राहिले, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-सट्ट्यावरची केंद्रीय बंदी उठवल्यावर आठवड्याला एक सामना ही रचना सट्टेबाजांच्याही पथ्यावर पडली. बाकीचे खेळ केबलच्या पैशामागे गेले. लोकांनी खेळ सोडण्याआधी खेळाने लोकांचं घर सोडलं होतं, आणि मग त्या घरात वाढलेल्या मुलांना खेळाची गोडी लागली नाही, यात नवल ते काय? एप्रिल २०२४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या महिलांच्या अंतिम सामन्याला १ कोटी ८९ लाख प्रेक्षक मिळाले, पुरुषांच्या सामन्याला १ कोटी ४८ लाख. त्यात खेळलेल्या केटलिन क्लार्कची मोहिनी होतीच. पण महिलांचा सामना खुल्या वाहिनीवर होता आणि पुरुषांचा केबलवर, ही गोष्ट तिचं कौतुक करताना बहुतेकांनी गाळली.

शिवाय मोजण्याची पद्धतच मध्ये बदलत गेली आहे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीने २०२० पासून बारमध्ये, हॉटेलात, दुसऱ्याच्या घरी बसून पाहणाऱ्यांना आकड्यात धरायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये ते साऱ्या देशात लागू केलं. घोळक्याने पाहिल्या जाणाऱ्या खेळाला याचा सर्वांत जास्त लाभ होणार हे सांगायला नको. म्हणून 'आजवरचा विक्रम' हे शब्द वाचले की कोणत्या मोजणीतला विक्रम, हे विचारलं पाहिजे.

गॅलपच्या आकड्याकडेही जरा जवळून बघू. प्रश्न एकच खेळ निवडायला सांगतो. उन्हाळाभर बेसबॉल आणि हिवाळ्यात फुटबॉल पाहणारा माणूस एकाच रकान्यात पडतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फुटबॉलने बेसबॉलला मागे टाकलं १९७२ मध्ये, तेव्हा फुटबॉल शेकडा ३६ वर होता आणि बेसबॉल २१ वर. अर्ध्या शतकात फुटबॉल ३६ वरून ४१ वर आला, एवढीच वाढ. बेसबॉलची मतं मोठ्या संख्येने फुटबॉलकडे गेली असती तर हा आकडा कितीतरी वर असता. ती विखुरली. त्यातली काही सॉकरकडे, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याकडे, गेली, आणि सॉकरची मोजणी तर याहून फसवी आहे. अमेरिकेतल्या एमएलएस या एका लीगचे आकडे एनएफएलसमोर ठेवून सॉकर चालत नाही असं म्हणतात. पण अमेरिकेतला सॉकरचा चाहता मेक्सिकोची लीग स्पॅनिश वाहिनीवर पाहतो, शनिवारी सकाळी उठून इंग्लंडची प्रीमियर लीग पाहतो. फुटबॉलची सर्वोच्च पातळी एकाच लीगमध्ये एकवटली आहे, सॉकरची जगभर पसरली आहे. ६ जून २०२४ ला डॅलसजवळ अमेरिकेच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानला हरवलं. सुपर ओव्हर टाकणारा होता मुंबईत वाढलेला, अमेरिकेत सॉफ्टवेअर अभियंता म्हणून नोकरी करणारा सौरभ नेत्रावळकर. तिथल्या मराठी घरांत त्या दिवशी जो आनंद झाला तो अमेरिकेच्या कोणत्याही लोकप्रियतेच्या यादीत दिसणार नाही. तो नव्हता असं मात्र कोणी म्हणू नये.

बेसबॉलच्या खऱ्या दुखण्यांवर मला पांघरूण घालायचं नाही. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनने ज्या खेळातली वर्णभेदाची भिंत पाडली, त्यात आज कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू शेकडा सहाच्या आसपास उरले आहेत. माझ्या लेखी प्रेक्षकसंख्येपेक्षा ही फार मोठी चिंता आहे, आणि ती टीव्हीच्या तुलनेत कधीच दिसत नाही. पण मरणपंथाला लागलेला खेळ स्वतःला बदलत नाही. २०२३ मध्ये बेसबॉलने चेंडू टाकण्याला वेळेची मर्यादा आणली: बेस मोकळे असतील तर १५ सेकंद, बेसवर धावपटू उभा असेल तर २०. दीडशे वर्षं घड्याळाशिवाय चाललेल्या खेळात घड्याळ आलं आणि नऊ डावांचा सामना सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. त्या एका वर्षात मैदानावरची गर्दी सुमारे ६ कोटी ४५ लाखांवरून ७ कोटींच्या पुढे गेली. १९८० मध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सामना, ज्यात नवख्या मॅजिक जॉन्सनने ४२ गुण केले, देशाच्या बऱ्याच भागात रात्री उशिरा, ध्वनिचित्रफितीवरून दाखवला गेला होता. त्या रात्रीच्या आकड्यावरून बास्केटबॉलचं भविष्य सांगणाऱ्यांचं पुढच्या दशकात काय झालं? आणि २०१६ मध्ये शिकागो कब्ज १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकले तेव्हा तो सातवा सामना ४ कोटी लोकांनी पाहिला. ते चार कोटी कुठून आले?

आता पैशाकडे. बफेलो बिल्स या फुटबॉल संघाच्या नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्य आणि ईरी काउंटी यांनी मिळून ८५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा देऊ केला. रेडर्स या फुटबॉल संघाला आणण्यासाठी लास वेगासने हॉटेल करातून ७५ कोटी दिले. मग बेसबॉलच्या ॲथलेटिक्स संघासाठी नेवाडाने ३८ कोटींपर्यंतची तयारी दाखवली. ज्या ओकलंडमधून हे दोन्ही संघ गेले, तिथून बास्केटबॉलचे वॉरियर्सही खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलेले. सहा वर्षांत तीन संघ गमावलेलं ते शहर कोणत्याही यादीत अलोकप्रिय नव्हतं. अशा मागण्यांच्या वेळी टीव्हीचे आकडे टेबलावर येतात, पण देशभराने घरी बसून पाहिलेल्या सामन्याचा स्थानिक करदात्याला काय उपयोग, हे विचारलं जात नाही. फुटबॉलचा संघ घरच्या मैदानावर साखळीत आठ किंवा नऊ दिवस खेळतो, बेसबॉलचा ८१. खेळाच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारे बहुतेक अर्थतज्ज्ञ तर सांगतात की दोन्हींपैकी कोणत्याही स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा शहराला परत मिळत नाही.

२ एप्रिल २०२४ ला मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीत यावर मतदान झालं. कॅन्सस सिटी चीफ्स या फुटबॉल संघाचं स्टेडियम सुधारण्यासाठी आणि रॉयल्स या बेसबॉल संघाला नवं बांधून देण्यासाठी विक्रीकर आणखी ४० वर्षं चालू ठेवायचा का, असा प्रश्न होता. चीफ्सने लागोपाठ दुसरा सुपर बोल जिंकून दोन महिनेही झाले नव्हते आणि त्या सामन्याने तोवरचे प्रेक्षकसंख्येचे सगळे विक्रम मोडले होते. शेकडा ५८ मतदारांनी नाही म्हटलं. सप्टेंबरात नवा हंगाम सुरू झाला तेव्हा याच काउंटीतलं चीफ्सचं ॲरोहेड स्टेडियम लाल शर्टांनी पुन्हा भरलेलं होतं.